बास्केटबॉल जीएम: संघ मोडून पुन्हा बांधायचा, तोही फुकटात

'बास्केटबॉल जीएम' या खेळात चेंडू आपल्या हातात कधीच येत नाही. मैदान नाही, घाम गाळणारे थ्रीडी खेळाडू नाहीत, समालोचन नाही. आहेत ते नुसते तक्ते: नाव, वय, गुण, पगार आणि करार कोणत्या साली संपतो तो आकडा. आपण संघाचे जनरल मॅनेजर. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणाला उचलायचं, तिकीट कितीला लावायचं, एवढंच काम. जेरेमी शेफ या प्रोग्रामरने बनवलेला हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो. खातं उघडावं लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. जाहिराती दिसतात, त्या नको असतील तर महिन्याला 5 डॉलरचं सदस्यत्व आहे, पण ते घेतलं म्हणून संघाला काडीचाही फायदा होत नाही. मोबाइलवरचे बहुतेक 'मॅनेजर' खेळ चांगला खेळाडू पाहिजे तर पैसे मोजा म्हणतात. इथे तो प्रकारच नाही.

खेळाची बाकी अंगं बरीच आहेत, पण हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: तळाला गेलेला संघ ट्रेड (दुसऱ्या संघांशी खेळाडूंची अदलाबदल) आणि होतकरू पोरांच्या जोरावर वर आणणं. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ज्याला रिबिल्ड म्हणतात, ते. त्या कामासाठी यापेक्षा चांगली तालीम फुकटात मिळणार नाही. मात्र खेळ आहे तसाच सुरू केला, तर तो फार लवकर हार मानतो. त्यामुळे आधी सेटिंग.

नवी लीग सुरू करताना 'रँडम प्लेयर्स' निवडावं. 'रिअल प्लेयर्स'मध्ये 1947पासूनचा कोणताही हंगाम उघडता येतो आणि मोह तिथेच होतो. पण नावं ओळखीची असली की माणूस तक्ता न बघता आठवणीवर खरेदी करतो, आणि इथे त्या खेळाडूची पुढची कारकीर्द खऱ्यासारखीच होईल याची खात्री नसते. काल्पनिक खेळाडूंमध्ये आकड्यांखेरीज आधार नसतो, म्हणून शिकायला तेच बरे. संघांची नावंही बनावटच असतात: सिॲटल सिम्फनी, पोर्टलँड रोझेस, मेक्सिको सिटी ॲझ्टेक्स. शहरं लोकसंख्येच्या क्रमाने लहान-मोठी आहेत आणि उत्पन्न त्यावर ठरतं. न्यूयॉर्क घेतलं तर हरतानाही तिजोरी भरते, मग रिबिल्डची अर्धी अडचण तिथेच संपते. मधल्या किंवा खालच्या शहराचा संघ घ्यावा. 'डिफिकल्टी' नॉर्मलवरून हार्डवर न्यावी; तिथे समोरचे संघ सौद्यात हात आखडता घेतात. 'इन्सेन' ही सर्वांत वरची पायरी आहे, पण पहिल्याच लीगला तिच्या वाटेला जाऊ नये.

आता तक्ता कसा वाचायचा ते. प्रत्येक खेळाडूचे 15 गुण असतात: उंची, ताकद, वेग, उडी, दमसास, बास्केटजवळची फेक, फ्री थ्रो, मधल्या पल्ल्याची फेक, तीन गुणांची फेक, आक्रमणातली आणि बचावातली समज, ड्रिबल, पास, रिबाउंड वगैरे. यांतून दोन आकडे निघतात: आजची एकूण पातळी म्हणजे 'ओव्हरऑल' आणि पुढची शक्यता म्हणजे 'पोटेन्शियल'. हे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे वाचू नयेत. इथे पन्नास म्हणजे काठावर पास नव्हे, रोटेशनमधला, म्हणजे आलटूनपालटून मैदानात उतरणारा, कामाचा खेळाडू. ढोबळमानाने 55च्या आसपास पहिल्या पाचांतला, 65 म्हणजे ऑल-स्टारच्या दारात आणि 75 म्हणजे एमव्हीपीच्या (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) शर्यतीतला. 80च्या पुढचा खेळाडू मिळाला तर लीगच्या इतिहासात त्याचं नाव राहतं.

पोटेन्शियलबद्दल नव्या खेळणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो. तो आकडा छत नाही, अंदाज आहे. 68 पोटेन्शियलचा पोरगा 76वर जाऊ शकतो, आणि 50वर अडकूनही बसू शकतो. शिवाय आपल्याला दिसतात ते गुण शंभर टक्के खरे नसतात. खेळ त्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळतो. ड्राफ्टला आलेल्या नवख्यांच्या बाबतीत ती जास्त असते आणि खेळाडू लीगमध्ये मुरला की कमी होत जाते. ही गडबड स्काउटिंगवरच्या खर्चाने कमी होते, पण पैसे मोजून मिळतं ते फार थोडं. रिबिल्डमध्ये पहिली कात्री तिथेच लावावी. वाचलेला पैसा कोचिंग आणि फॅसिलिटीजवर घालावा. कोचिंगमुळे खेळाडूंच्या वाढीला थोडा हातभार लागतो आणि उतरणही थोडी सौम्य होते. फॅसिलिटीजचा परिणाम मात्र संथ असतो. आज वाढवलेला खर्च काही वर्षांनी प्रेक्षकांच्या गर्दीत आणि खेळाडूंच्या मर्जीत दिसतो. म्हणून तो पहिल्याच वर्षी वाढवायचा. संघ जिंकायला लागल्यावर वाढवला तर तोवर उशीर झालेला असतो.

वय आणि तारीख

या खेळाचा जीव वयाच्या आलेखात आहे. पोरगा 19-20 वर्षांचा असतो तेव्हा सरासरीने वर्षाला चांगली भर पडते, पंचविशीनंतर वाढ थांबत येते, तिशीनंतर घसरण सुरू होते. ही झाली सरासरी. 23पर्यंतच्या खेळाडूच्या बाबतीत दैवाचा वाटा प्रचंड असतो आणि तो एकतर्फी असतो: खाली जाण्याला बऱ्यापैकी मर्यादा, वर जाण्याला मोठी मोकळीक. बहुतेक पोरं फारशी हलत नाहीत, पण एखादा एका उन्हाळ्यात दहा-बारा गुणांची उडी मारतो. पंचविशी ओलांडल्यावर अशा उड्या जवळजवळ बंद होतात.

यावरून रिबिल्डचं पहिलं गणित निघतं. एका पोरावर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा 22च्या आतले सहा-सात जण बाळगावेत. त्यांतला एखादा फळतो, दोघे-तिघे कामचलाऊ निघतात, बाकीचे वाया जातात. वाया जाणाऱ्यांवर जीव लावू नये. 22 उलटूनही जो 45च्या वर आला नाही, त्याची बाजारातली किंमत पोटेन्शियलच्या आकड्यावर तगून असते आणि तो आकडा दर वर्षी खाली सरकतो. त्याला आज विकावं. पुढच्या वर्षी तो फुकटही जाणार नाही.

दुसरं गणित तारखेचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. खेळात वर्षाचे टप्पे ठरलेले आहेत: प्रीसीझन, नियमित हंगाम, ट्रेडची अंतिम मुदत, प्लेऑफ (अजिंक्यपदासाठीची बाद फेरी), ड्राफ्ट, स्वतःच्या खेळाडूंशी नवे करार, मग 30 दिवसांची फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची खुली भरती) आणि पुन्हा प्रीसीझन. गुणांतले सगळे बदल प्रीसीझन सुरू होताना एका क्षणात होतात. हंगामभर खेळाडू आहे तसाच राहतो. म्हणजे 29-30 वर्षांचा तारा विकायचा असेल तर प्लेऑफ संपल्यापासून फ्री एजन्सीच्या शेवटच्या दिवसापर्यंत विकायला हवा. प्रीसीझनचं बटण दाबलं की त्याचं वय वाढतं, बहुधा दोन-तीन गुण उतरतात, आणि काल पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचे हक्क) देणारा संघ आज दुसऱ्या फेरीच्या एका पिकावर येतो. पोरांचं उलटं. ज्याची उडी बघायची आहे तो बटण दाबण्याआधी आपल्या ताब्यात असायला हवा. बहुतेकांचे रिबिल्ड या एका बटणाच्या अलीकडे-पलीकडे फसतात.

मोडायचं कसं

पहिल्या दिवशी रोस्टरवरच्या, म्हणजे संघाच्या यादीतल्या, 15 जणांची वयानुसार विभागणी करावी. 22पर्यंतचे एका बाजूला. त्यांना हात लावायचा नाही. 27च्या पुढचे सगळे विक्रीला. मधले 23 ते 26 वयाचे खरे कोड्यातले. त्यांतला 65च्या वरचा असेल तर ठेवावा, कारण तीन वर्षांनंतरही तो ऐन भरात असेल. 55च्या आतला असेल तर विकावा.

विकायला 'ट्रेडिंग ब्लॉक' नावाचं पान आहे. तिथे खेळाडू मांडला की लीगमधले संघ आपापल्या ऑफर देतात. पहिली ऑफर कधीच अंतिम समजू नये. ती ट्रेडच्या पानावर उघडावी आणि समोरच्याच्या यादीतून दुसऱ्या फेरीचा एक पिक वाढवून बघावा. मग पुढच्या वर्षाचा एक, मग कोपऱ्यातला 19 वर्षांचा पोरगा. समोरचा संघ नकार देईपर्यंत वाढवत जावं, मग एक पायरी मागे यावं. उलट दिशेनेही सोय आहे. आपल्याला हवा तो खेळाडू निवडून 'व्हॉट वुड मेक इट वर्क?' हे बटण दाबलं की समोरचा संघ स्वतःच किंमत सांगतो. ती सांगताना तो आपल्या यादीतला त्याला आवडेल तो माल उचलतो, म्हणून जे द्यायचंच नाही त्यापुढची वगळण्याची खूण आधी करून ठेवावी. नाहीतर घासाघीस आपल्याच सर्वांत चांगल्या पोरावर सुरू होते.

प्रत्येक संघापुढे तो 'कंटेंडिंग' आहे की 'रिबिल्डिंग' ते लिहिलेलं असतं, आणि नवखे खेळाडू ते वाचतच नाहीत. जिंकायला निघालेला संघ आजच्या खेळाडूला जास्त भाव देतो आणि पिक हलक्या हाताने सोडतो. बांधणीतला संघ पिक आणि पोरं कवटाळून बसतो, त्याला तिशीतला तारा नकोच असतो. म्हणून आपले जुने खेळाडू पहिल्या प्रकारच्या संघांना विकावेत. त्यांतही ज्यांचे मुख्य खेळाडू तिशीच्या पुढे गेले आहेत अशांचे तीन वर्षांनंतरचे पिक मागावेत. आज ते संघ वर असल्याने तो पिक स्वस्त वाटतो. तीन वर्षांनी तेच संघ तळाला असण्याची शक्यता मोठी. मूळ सेटिंगमध्ये चार ड्राफ्टपर्यंतचे पिक देता-घेता येतात. सर्वांत लांबच्या सालापासून मागायला सुरुवात करावी.

पगाराचे नियम एनबीएच्या मऊ मर्यादेवर बेतलेले आहेत. सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या, वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये देतो त्यापेक्षा कमी पगार परत घ्यावा लागतो. कॅपच्या वर असतानाही स्वतःच्या खेळाडूंचे करार वाढवता येतात आणि किमान पगारावर बाहेरचे खेळाडू घेता येतात. पगार लक्झरी टॅक्सच्या रेषेवर गेला तर वरच्या प्रत्येक डॉलरला दीड डॉलर दंड बसतो. हा हिशेब प्लेऑफनंतर होतो आणि जमा झालेली रक्कम कॅपच्या खाली असलेल्या संघांत वाटली जाते. संघ मोडला की आपण आपोआप कॅपच्या खाली येतो, म्हणजे त्या वाटणीचे हकदार होतो. पण फार खाली जाऊनही चालत नाही. संघाच्या एकूण किमान पगाराच्या रेषेखाली राहिलो तर तेवढा फरक भरावाच लागतो. मग तोच पैसा वापरून एखाद्याचा जड करार वर्ष-दोन वर्षांसाठी घ्यावा आणि त्यासोबत पिक मागावा. खेळाडूला थेट सोडून देणं हा सर्वांत महागडा मार्ग आहे, कारण करार संपेपर्यंत त्याचा पगार आपल्याच खात्यात मोजला जातो. तीन वर्षं बाकी असलेल्याला रागाच्या भरात सोडलं तर तीन वर्षं तो आकडा डोळ्यांसमोर राहतो.

ड्राफ्टची लॉटरी, म्हणजे आधी कोण निवडणार याची सोडत, एनबीएच्या 2019पासूनच्या नियमांनी चालते. सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी 14 टक्के संधी मिळते, आणि सोडतीत फक्त पहिले चार क्रमांक निघत असल्याने शेवटून पहिला आलेला संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. हे नुसतं कागदावरचं भय नाही. डेट्रॉइट पिस्टन्सने 2022-23मध्ये 17-65 (17 विजय, 65 पराभव) आणि पुढच्या वर्षी 14-68 अशी लीगमधली सर्वांत वाईट कामगिरी केली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांकच आला. तेव्हा शेवटच्या क्रमांकासाठी जीव काढू नये. तळाच्या तिघांत आलं की पुरे. उरलेल्या प्रयत्नांत दुसऱ्या संघांचे पिक जमवावेत. 14 टक्क्यांच्या एका तिकिटापेक्षा पहिल्या दहांतली तीन तिकिटं केव्हाही बरी.

पोरं मोठी होतात तेव्हा

संघ मोडणं सोपं आहे. अडचण सुरू होते तिसऱ्या वर्षी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार इथे तीन वर्षांचा आणि दुसऱ्या फेरीतल्याचा दोन वर्षांचा असतो. पोरगा नुकता 60च्या पुढे सरकलेला असतो आणि त्याच उन्हाळ्यात त्याला नवा करार हवा असतो. इथे 'मूड' आडवा येतो. प्रत्येक खेळाडूच्या मर्जीत शहराचा आकार, फॅसिलिटीज, संघाची कामगिरी आणि चर्चा हे सगळं मोजलं जातं, शिवाय स्वभावाच्या खुणा असतात: कोणाला पैसा प्यारा, कोणाला जिंकणं, कोणाला प्रसिद्धी, कोणी निष्ठावान. ज्या संघाने ड्राफ्टमध्ये घेतलं त्याच्याकडे पहिल्या करारानंतर थोडा ओढा असतो, आणि रिबिल्ड करणाऱ्याला हाच मोठा आधार. तरीही लहान शहर, तीन वर्षं सलग हार आणि जिंकण्याची खूण असलेला खेळाडू असा योग जुळला तर तो बोलणीच नाकारतो. नाकारला की तो फ्री एजन्सीत निघून जातो आणि आपल्या हाती काहीच लागत नाही.

यावर उपाय एकच. कराराच्या शेवटच्या हंगामात, ट्रेडची मुदत संपण्याआधी, रोस्टरवरच्या प्रत्येकाचा मूड तपासावा. जो राहणार नाही असं दिसतं त्याला तेव्हाच विकावं. मुदतीनंतर हे कळून उपयोग नाही.

मालकाचं प्रकरणही याच सुमारास तापतं. जिंकणं, प्लेऑफ आणि पैसा या तीन गोष्टींवर तो आपल्याला जोखतो. सुरुवातीच्या वर्षांत सांभाळून घेतो, नंतर सरळ नोकरीवरून काढतो. लहान शहरात रिबिल्ड करताना जिंकणं आणि प्लेऑफ हे दोन रकाने उणेच असतात, म्हणून पैशाचा रकाना वर ठेवावा लागतो. तिकिटाचा दर आपोआप ठरवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी; हाताने दर चढवला तर गर्दी घटते.

संघ कधी पुरेसा झाला हे ओळखण्यासाठी खेळाचं आतलं गणित कामाला येतं. संघाची ताकद पहिल्या दहा खेळाडूंवरून मोजली जाते, आणि क्रमाने खाली जावं तसं वजन झपाट्याने घटतं. पहिल्या दोघा-तिघांवर संघ उभा असतो; नववा-दहावा खेळाडू 48चा की 44चा याने फारसं काही बिघडत नाही. म्हणून जमवलेल्या 60-62च्या चार पोरांचं रूपांतर 72च्या एका खेळाडूत करावं असं वाटतं. वाटणं बरोबर आहे, पण समोरचा संगणकही हे जाणतो. त्याच्या हिशेबात खेळाडूची किंमत गुणांबरोबर इतकी चढत्या दराने वाढते की चिल्लर गोळा करून मोठी नोट मिळत नाही. ताऱ्याच्या बदल्यात एक तरी खरोखर मोठ्या पोटेन्शियलचा 19-20 वर्षांचा पोरगा द्यावा लागतो, वर पिक. तो पोरगा द्यावा का? दुसरा तसाच हाताशी असेल तर द्यावा. रिबिल्डचा सर्वांत कठीण निर्णय हाच. खेळ तो निर्णय घ्यायला लावतो म्हणून त्याची किंमत आहे. पिक जमवत बसण्याचं व्यसन इथे फार लवकर लागतं आणि दहा वर्षं 'भविष्य उज्ज्वल' असलेले संघ खेळणाऱ्यांकडे पैशाला पासरी असतात.

खऱ्याशी ताडून पाहिलं तर

खऱ्या एनबीएत या कामाचा अलीकडचा नमुना म्हणजे ओक्लाहोमा सिटी थंडर. जुलै 2019मध्ये संघाचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी आपला तारा पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सना दिला आणि बदल्यात शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन पिक बदलून घेण्याचे हक्क घेतले. गिलजस-अलेक्झांडर तेव्हा जेमतेम 21चा होत होता. त्या पाचांतल्या 2022च्या पिकातून बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये स्वतःच्या दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन. थंडरची कामगिरी 2020-21मध्ये 22-50, मग 24-58, मग 40-42, 57-25 आणि 2024-25मध्ये 68-14 व अजिंक्यपद. वयाचं गणित, पिकांचा साठा, तळाची दोन वर्षं: हे सगळं 'बास्केटबॉल जीएम'मध्ये जसंच्या तसं करता येतं.

पण शेवटची पायरी येत नाही. जून 2024मध्ये थंडरने 21 वर्षांचा जॉश गिडी शिकागोला दिला आणि तिशीतला ॲलेक्स करुसो घेतला, मधे एकही पिक नाही. त्याच उन्हाळ्यात आयझाया हार्टेनस्टाइनला फ्री एजन्सीतून आणलं. या खेळाच्या तराजूत गिडीसारख्या वयाच्या खेळाडूपुढे करुसोच्या वयाचा बचावपटू काहीच नाही. तिशीच्या पुढचे चांगले खेळाडू इथे मातीमोल भावाने मिळतात आणि हीच या खेळातली सर्वांत मोठी पळवाट आहे. संघ तयार झाल्यावर 31-32 वर्षांचे दोन चांगले खेळाडू उचलावेत, एका हंगामापुरते वापरावेत आणि सोडावेत. जिंकायला उपयोगी, पण खऱ्याशी याचा संबंध नाही. कोण कोणाबरोबर शोभतो याचा विचारही इथे तोकडाच आहे. खेळाडूंच्या नावापुढे अक्षरं येतात (तीन गुणांचा नेमबाज, चेंडू हाताळणारा, रिंगजवळचा बचावपटू, रिबाउंडर वगैरे) आणि त्यांच्या जुळणीने संघाला थोडी ताकद मिळते. 'थोडी' हाच शब्द खरा. जागा, म्हणजे गार्ड की सेंटर, हे बहुतांशी लेबलच असतं.

मुंबईकरांना जवळचा एक दाखला आहे. ऑक्टोबर 2019मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. डोमांटस सबोनिस तेव्हा पेसर्सकडे होता. फेब्रुवारी 2022मध्ये याच दोन संघांत सौदा झाला: किंग्जने 21 वर्षांचा टायरीझ हॅलिबर्टन दिला आणि 25 वर्षांचा सबोनिस घेतला. पुढच्याच हंगामात किंग्जने 48 सामने जिंकून 16 हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. पेसर्स 2025मध्ये अंतिम फेरीत पोचले आणि सातव्या सामन्यात थंडरकडून हरले. खेळाच्या निव्वळ वय-पोटेन्शियलच्या हिशेबात किंग्जचा हा सौदा चुकीचाच ठरेल. मालकाचा रकाना बघणाऱ्याला मात्र तो लगेच समजेल: 16 वर्षं बाहेर बसलेल्या संघाला पुढच्या वर्षीचा प्लेऑफ हवा होता आणि हॅलिबर्टन व डीॲरन फॉक्स हे दोघेही चेंडू हातात ठेवणारे गार्ड होते. पहिलं कारण या खेळात आहे, दुसरं जवळपास नाही.

उणिवा आणखी आहेत. तीन संघांचा ट्रेड होत नाही. 'पहिल्या दहांत आला तर पिक आमच्याकडेच राहील' अशी अट घालता येत नाही, पिक बदलून घेण्याचा हक्कही नाही. म्हणजे प्रेस्टींच्या त्या सौद्यातला एक भाग इथे मांडताच येत नाही. सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे भावी पिक देऊ नयेत हा एनबीएचा नियम इथे आडवा येत नाही, त्यामुळे कर्जबाजारी होणं सोपं. दुसऱ्या एप्रनसारखी (लक्झरी टॅक्सच्याही वरची पगाराची रेषा) एनबीएच्या नव्या पगार करारातली बंधनं नाहीत. ज्यांना हा तपशील हवा आणि जोडीला मैदानावर खेळायचंही आहे, त्यांनी 'एनबीए टूके'मधला 'मायएनबीए' हा प्रकार बघावा. तो विकत घ्यावा लागतो, चांगला कन्सोल किंवा पीसी लागतो, आणि एक हंगाम पुढे ढकलायला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

वेग ही या खेळाची खरी चैन आहे. एक दिवस, एक आठवडा, एक महिना किंवा थेट प्लेऑफपर्यंत असं एका बटणावर पुढे जाता येतं, साध्या लॅपटॉपवरही. फोनवर चालतो, पण ट्रेडच्या पानावरचे रुंद तक्ते छोट्या पडद्यावर आडवे सरकवत बसावे लागतात. सौदे करायला मोठा पडदाच हवा. मजकूर सगळा इंग्रजीत आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करावी. लीगची सगळी माहिती आपल्याच ब्राउझरमध्ये साठते, कुठल्या सर्व्हरवर नाही. ब्राउझरचा डेटा पुसला की वीस हंगामांची लीग त्याबरोबर जाते, आणि ती परत मिळवून देणारं कोणी नाही. दर काही हंगामांनी 'एक्सपोर्ट लीग'मधून फाइल उतरवून ठेवावी. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल चढवता येते. 'गॉड मोड' (खेळातलं काहीही मनासारखं बदलू देणारी सोय) बंद ठेवावा, हे सांगायला नकोच.

हार्डवर दोनदा अजिंक्यपद आलं की चॅलेंज मोड बघावेत. ट्रेड बंद, फ्री एजंट बंद, ड्राफ्ट पिक बंद, खेळाडूंचे गुणच लपवलेले, असे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यांतला ट्रेड बंद असलेला आधी घ्यावा. लहान शहर, स्वतःचे दोन पिक आणि तीन वर्षांचे करार एवढ्यावर संघ उभा करताना पहिल्या कराराच्या शेवटी पोरगा राहील की जाईल, हा एकच प्रश्न उरतो, आणि त्याला विकून सुटका करून घेण्याची वाटही बंद असते.